सातशे ग्रॅममध्ये आईचा कप

बावीस वर्षं मी पार्सलं बांधते आहे आणि माझं एकही पार्सल वाटेत फुटलेलं नाही. हे मीच माझ्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. पार्सल ऑफिसच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून माझं टेबल. त्यावर सुतळी, चिकटपट्टी, पुठ्ठे आणि जुन्या पेपरांचा ढीग. माझी पद्धत सोपी आहे. पार्सल जिन्यावरून लाथ मारून खाली पाठवलं तरी आतल्या वस्तूला त्याचा पत्ता लागता कामा नये.

मग भुंगा आला. खरं नाव ड्रोन, पण त्याची भुणभुण ऐकल्यावर ऑफिसात त्याला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. त्याच्यासोबत लॅपटॉप घेऊन एक इंजिनिअर बाई आली. तलावापलीकडच्या दवाखान्यात औषधाच्या बाटल्या हवेतून पोचवणं पुढेमागे जमण्यासारखं आहे का, याचा तिला अहवाल लिहायचा होता. रस्त्याने तलावाला वळसा घालून जायला अडीच तास लागतात. भुंग्याला बारा मिनिटं.

तीन उड्डाणं होणार होती. एक तरी पार्सल धड पोचलं तर भुंगा इथे राहणार आणि माझं टेबलही. नाहीतर दवाखान्याची पार्सलं मुख्य ऑफिसात यंत्रावर बांधली जाणार आणि मी चौकशीच्या खिडकीवर. तिथे दिवसभर लोकांशी गोड बोलावं लागतं. ते माझ्याच्याने होणार नाही, हे आमच्या साहेबांनाही ठाऊक होतं.

"काकू, सगळं मिळून सातशे ग्रॅम," इंजिनिअर म्हणाली. "वर एक ग्रॅमही नको."

चांगली पस्तिशीची बाई, आणि मला काकू म्हणते. तिथेच आमचं बिनसलं.

पहिल्या दिवशी पाण्याने भरलेली काचेची बाटली मी माझ्या पद्धतीने बांधली. खोक्यात खोकं, मध्ये पेपर, वर चिकटपट्टीचे चार फेरे. भुंगा गुडघाभर वर गेला, कण्हला आणि परत खाली बसला. वजन भरलं पावणेदोन किलो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून एकच खोकं घेतलं, पेपर निम्मे केले. भुंगा गेला, पोचला, आणि त्याने कमरेएवढ्या उंचीवरून पार्सल सोडून दिलं. तो तसाच सोडतो, माणसाने पंख्यांच्या जवळ येऊ नये म्हणून.

पाच मिनिटांत ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण त्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या जिभेला हाड नाही.

"पाणी मिळालं गं," ती म्हणाली. "बाटली कधी पाठवतेस?"

"उद्याचं फुटणार नाही," मी ठणकावलं.

"एवढी खात्री असेल तर आईचा कप पाठव. नऊ वर्षं नुसती ऐकतेय."

नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिच्या सहा कपांतले दोन उरले होते, एक ताईचा, एक माझा. ताईचाही माझ्याच कपाटात होता. ताई दर वेळी मागायची आणि मी म्हणायची, बसने नेशील तर हातात नुसता कान राहील. जगाची पार्सलं बांधणाऱ्या मला तो कप बांधायचा धीर झाला नव्हता. पण आता शब्द गेला होता. मी हो म्हणून बसले.

संध्याकाळी घरी तोंड पाडून बसले असताना आमचे हे पायजमा एका हाताने धरून समोर उभे राहिले.

"अगं, इलॅस्टिक सैल झालंय. नवीन आणलंय, तेवढं घालून देतेस?"

मी नवं इलॅस्टिक हातात घेतलं, ताणलं, सोडलं. पुन्हा ताणलं. मग त्यांच्याकडे पाहून इतकी हसले की ते घाबरले.

"अहो, पायजमा दोन दिवस हातानेच धरा."

मी आयुष्यभर वस्तूभोवती भिंती बांधत आले होते. यावेळी कप सुती मोज्यात घातला आणि इलॅस्टिकच्या आठ तुकड्यांनी खोक्याच्या आठ कोपऱ्यांतून मधोमध टांगला. झोळीत बाळ असतं तसा. चहूबाजूंनी नुसती हवा, आणि हवेला वजन नसतं. सकाळी इंजिनिअरने काट्यावर ठेवलं. चारशे दहा ग्रॅम. तिने खोकं हलवून पाहिलं, कानाला लावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कुठे शिकलात?"

"घरचंच आहे," मी म्हटलं.

भुंगा उडाला. टेबलाचं सोडा, पण आईचा कप तळ्यावरून चालला होता. बारा मिनिटांनी लॅपटॉपवर दिसलं, पार्सल पडलं, ताई आली, खोकं उचलून आत गेली. मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेब दोनदा डोकावून गेले. इंजिनिअर अहवालाचं पान उघडून बसली होती आणि एक अक्षर लिहीत नव्हती. फुटला म्हणूनच ताई बोलत नाही, याची मला खात्री पटली. मला रडू फुटलं. बावीस वर्षांत त्या टेबलावर मी रडले नव्हते.

इंजिनिअरने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली. "काकू," ती म्हणाली, आणि यावेळी मला राग आला नाही.

विसाव्या मिनिटाला फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला.

"ताई, फुटला का?"

फोनमधून एक लांबलचक भुरका ऐकू आला. आई घ्यायची तसा, शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल असा.

"पाणी उकळायला वेळ लागतो गं," ताई म्हणाली. "चहा गरम आहे. जरा थांब, अजून एक घोट घेऊ दे."

दुसरा भुरका आला तेव्हा इंजिनिअर अहवाल लिहायला लागली होती.