चौदावा महिना

पोर केवढं झालं म्हणून विचारलं की आई महिने सांगते. पहिलं वर्ष सरलं तरी तिची सवय सुटत नाही. तेरा म्हणते, पंधरा म्हणते, दीड वर्ष म्हणायला तिचं तोंड धजत नाही. बापाला विचारा, तो म्हणतो, ‘आसंल की वर्साचं,’ आणि पानाला चुना लावायला लागतो. चाळीस वर्षं मी कोल्हापुरात सुइणीचं काम केलं. हिंदूंच्या घरी केलं, आमच्या मुसलमानांच्या घरी केलं, यात कुठं फरक बघितला नाही.

त्यात चिमणाबाई म्हणजे कहर होती. तिला नुसते महिने पुरत नसत, ती वर दिवस सांगायची. तिची मुलगी बाळाबाई माझ्याच हातची. गल्लीतून जाता जाता विचारलं, ‘काय गं, केवढी झाली?’ तर पदरानं पोरीचं तोंड पुसत म्हणायची, ‘तीन म्हैनं नऊ दीस, इमामबी मावशी.’ मी चिडवायची, ‘घटका ऱ्हायल्या की गं सांगायच्या!’ ती लाजायची, पण दुसऱ्या दिवशी बरोबर दहा सांगायची.

बाळाबाई चार महिन्यांची असताना तिचा बाप पिराजी पलटणीबरोबर समुद्रापलीकडं गेला, आणि मागून गावात प्लेग आला. शाहू महाराजांच्या राज्यातली ती वाईट वर्षं. माणसं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. मीही तिथंच होते, कारण प्लेग आला म्हणून बायकांची बाळंतपणं थांबत नाहीत. शाहूवाडीकडच्या एका बाईला मी त्या माळावर सोडवलं. नवरा आधीच गेलेला, जवळ कुणी नाही. मुलगी झाली. तिच्या डाव्या कानापुढं तांदळाच्या दाण्याएवढं मांस होतं. पुढच्या आठ दिवसांत मलाच ताप चढला आणि भावानं मला गाडीत घालून पेठ वडगावला नेलं. मी वाचले, पण धड उभी राहायला वर्ष गेलं. त्या बाईचं मागून एवढंच कळलं, की आई आणि पोर दोघीही गेल्या.

परत आल्यावर एक दिवस रंकाळ्याच्या वाटेवर चिमणाबाई दिसली. तिनं जुनी गल्ली सोडून इकडं खोली घेतली होती. कडेवर मुलगी होती. मी हौसेनं विचारलं, ‘केवढी झाली गं?’

‘झाली की दोनाची,’ ती म्हणाली आणि चालायला लागली.

मला राग आला. नवरा पगार घेऊन येणार म्हणून बाई हवेत गेली, असं मला वाटलं. महिने नाहीत, दिवसांची तर गोष्टच सोडा. ही कसली चिमणाबाई? पण मी ते मनावर घेतलं नाही.

पिराजी आला आणि चौथ्या दिवशी दुपारी माझ्या दारात उभा राहिला. डोळ्याखाली काळं पडलेलं.

‘मावशी, पोरगी चालंना. बोलतबी न्हाय. दोन वर्साला एकच म्हैना कमी हाय आन भिताडाला धरून नुसती उभी ऱ्हातीया.’

‘दोनाला एक कमी? तुला रं काय ठावं?’

त्यानं गळ्यातला काळा दोरा काढून माझ्यापुढं धरला. त्याला गाठी होत्या. ‘दर आमुशेला एक मारली. जाताना चार म्हैन्यांची हुती. ह्या एकोणीस. चार आन एकोणीस तेवीस झालं का न्हाय?’

महिने मोजणारा बाप मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

‘आता डाग द्यायचाय,’ तो म्हणाला. ‘गुंडूआण्णा आलाय घरात. पाठीच्या मणक्यावर तीन डाग दिलं की पोर चालायला लागतंय म्हणतो. चिमणी हात लावू देईना. तू चल आन धर तिला.’

डाग म्हणजे तापलेलं लोखंड. आमच्याकडं पोटाला देतात, पाठीला देतात, आणि पोर वाचलं तर डागाचा गुण म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. मी चपला न घालताच त्याच्यामागं निघाले.

खोलीत गुंडूआण्णा चुलीपाशी उकिडवा बसला होता. विळ्याचं टोक निखाऱ्यात होतं. चिमणाबाई कोपऱ्यात पोरीला छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मला बघून ती आणखीच भिंतीला चिकटली. तेव्हाच मला काहीतरी समजायला हवं होतं.

‘आदी मला बगू तर दे,’ म्हणून मी पोरगी जवळजवळ ओढूनच घेतली.

तोंडात बोट घातलं. वर चार दात, खाली दोन, दाढ एकही नाही. डोक्यावर हात ठेवला तर टाळू अजून मऊ होती, हाताला ठोके लागत होते. मी तिला भिंतीशी उभी केली. ती छान उभी राहिली, दोन पावलं सरकली आणि फतकन बसली. काय वाईट होतं त्यात? दोन वर्षांच्या पोरीत सगळंच वाईट होतं, पण ही दोन वर्षांची नव्हतीच. मी तिचे केस बाजूला सारले. डाव्या कानापुढं तांदळाचा दाणा.

ही माळावरची पोर होती. शाहूवाडीवालीची. मग माझ्या हातची बाळाबाई कुठं होती? मी चिमणाबाईकडं बघितलं. तिनं पदराखाली हात जोडले होते. ही बाई महिने का सांगत नव्हती, ते मला आता कळलं.

‘विळा तापला,’ गुंडूआण्णा म्हणाला. ‘पालती धरा.’

‘धर मावशी,’ पिराजी म्हणाला.

मी गप्प राहिले असते तर त्या कोवळ्या पाठीवर लोखंड टेकलं असतं. बोलले असते तर पिराजीनं तिला उचलून रस्त्यावर ठेवली असती, आणि कदाचित चिमणाबाईलाही. मला त्या दोघींची काळजी वाटत होती. पण विळ्याचं लाल टोक मी बघितलं आणि तोंडातून शब्द गेला.

‘हिला कायबी झालेलं न्हाय. ही चौदा म्हैन्यांची हाय. चौदा म्हैन्यांचं पोर असंच असतंय.’

पिराजी हसला. ‘तापानं डोस्कं गेलं काय तुजं? ह्या गाठी मोज की!’ त्यानं दोरा पुढं केला, आणि त्याचा हात तसाच राहिला. तो बायकोकडं बघत होता. ती बोलत नव्हती, रडत नव्हती, मला खोटं पाडत नव्हती.

‘मग माझी कुठाय?’ त्यानं विचारलं.

‘धा म्हैनं सतरा दीस,’ चिमणाबाई म्हणाली. ‘धा म्हैनं सतरा दिसांची हुती. सकाळी अंग तापलं, दीस मावळायच्या आत गेली. शेजारच्या झोपडीत ही रडत हुती. हिची आई आदल्या दिशी गेलेली. मला पान्हा फुटला, मी काय करू? घेतली. तुमाला कागद कुणाकडनं ल्हिवू आन काय ल्हिवू?’

गुंडूआण्णानं विळा चुलीतच टाकला आणि खाली मान घालून निघून गेला.

‘कुणाची ही?’ पिराजीचा आवाज फुटत होता. ‘कुठल्या लोकांची?’

मग मात्र माझं डोकं सटकलं. ‘मेलेल्या आईची हाय! तुजी पोर माळावर पुरली तवा तिला कुणी इचारलं हुतं का कुठल्या लोकांची म्हणून? एका खड्ड्यात चार-चार पुरली रं बाबा!’

ते मी बोलायला नको होतं. तो मटकन खाली बसला. दोरा हातातून सुटला. पोरगी रांगत आली, दोरा उचलून तिनं तोंडात घातला. पिराजीनं बोट घालून तो दोरा तिच्या तोंडातून काढला, हळूच, हिरडीला लागू नये असा. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत दारात आला. दोऱ्याचे दोन तुकडे केले होते.

‘ह्या सा गाठी माझी बाळी जित्ती हुती तवरच्या,’ तो म्हणाला. ‘पुढच्या तेरा मी कुणासाठी मारल्या गं मावशी?’

त्यानं नाक शिंकरलं, तोंड पुसलं.

‘हिचं म्हैनं तू काल सांगितलंस. वरचं दीस किती?’

मी बोटांवर मोजलं, चुकू नये म्हणून पुन्हा मोजलं. ‘काल चौदा म्हैनं पाच दीस हुतं. आज सा.’

‘चौदा म्हैनं सा दीस,’ तो म्हणाला. विसरू नये म्हणून तेच पुटपुटत तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, आणि मी उंबऱ्यात बसून पोटभर रडले.