मी गिळलेलं ‘नाही’

मित्रांनो, मी एक म्हातारा भोंगा आहे. सध्या माझ्या तोंडात एक कोंबडी अंड्यांवर बसलीय, म्हणून आवाज जरा दबका येईल. तिला हुसकू नका. फार तापट आहे, डोळ्यावरच चोच मारते. तुम्ही थोडे जवळ सरका, म्हणजे झालं.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. मला ठोकून ठोकून गोल केलं, राखाडी रंग दिला आणि पोटात एक पातळ पडदा बसवला. तो पडदा थरथरला की आवाज निघतो. पहिल्या दिवशी कारागिरानं माझ्यातून नुसतं “हॅलो” म्हटलं, तर चार घरांची कौलं सरकली आणि पलीकडच्या गल्लीतल्या ठार बहिऱ्या आजोबांनी “ओ, आलो!” म्हणून उत्तर दिलं. खोटं वाटतं? विचारा त्या आजोबांना. आता ते हयात नाहीत, त्याला मी काय करू?

मला एका टेम्पोवाल्यानं विकत घेतलं आणि टेम्पोच्या टपावर बसवलं. त्याला सगळे दादा म्हणायचे. डाव्या कानानं त्याला मुळीच ऐकू यायचं नाही आणि उजव्यानं मन असेल तेवढंच. आम्ही गावभर फिरायचो. कोणाचं पोर हरवलं, सर्कशीचा तंबू आला, नळाला पाणी येणार नाही, सगळं मी सांगायचो. “उद्या पाणी येणार नाही” असं मी म्हटलं की बायका लगेच हंडे भरायला धावायच्या. तेव्हा माझं ‘नाही’ कसं खणखणीत होतं!

मग एकदा एका खड्ड्यात टेम्पो उसळला आणि मी टपावरून खाली आलो. वरून काही दिसत नव्हतं, पण पोटातला पडदा तडकला होता. मोठा आवाज तसाच निघायचा, बारीक आवाज मात्र आतच विरून जायचा. दादानं मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. तिथं कोपऱ्यात माझ्याच वयाचा एक भोंगा पडला होता, त्याच्या गळ्यात ‘भंगार’ लिहिलेली चिठ्ठी. ती पाहून माझी पाचावर धारण बसली. रेडिओवाला माझ्यातून जोरात ओरडला, “हॅलो, चेक, चेक!” मीही होता नव्हता तेवढा जोर लावला.

“ठणठणीत आहे की!” तो म्हणाला.

मित्रांनो, तिथंच मी पाप केलं. मी गप्प बसलो.

त्याच वर्षी दादाची धाकटी बहीण विधानसभेच्या निवडणुकीला उभी राहिली. तीस वर्षं तिनं गावच्या सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्माला आलेलं. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तिच्यासमोर उभे होते विटांचे कारखानदार. त्यांचे नवेकोरे नऊ भोंगे दिवसभर एकच शब्द घोकत होते. पूल देणार, रस्ता देणार, नोकऱ्या देणार. एका भोंग्यानं तर पावसाळा लवकर देणार म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

सिस्टरचं उलटं. ती म्हणाली, “दादा, मी काय देणार? माझ्याकडे आहे काय? मी फक्त काय होऊ देणार नाही, तेवढं सांगणार.”

“अगं, पण लोकांना ‘देणार’ ऐकायला आवडतं.”

“मग लोकांनी त्यांचं ऐकावं. मी आपली नाही म्हणणारी बाई.”

झालं, दुसऱ्या दिवसापासून गावानं तिचं नाव ठेवलं नाहीबाई. ती स्वतःच हसली.

तिनं स्वयंपाकघरात बसून आपलं भाषण टेप केलं. दादाची लेक शेजारी बसून कागद धरत होती. तिचं नुकतंच लग्न झालं होतं आणि आत्याच्या प्रचारासाठी ती माहेरी आली होती. भाषणात चारच गोष्टी होत्या.

“आपल्या नदीचं पाणी बाटल्यांच्या कंपनीला विकू देणार नाही. सफाईच्या बायकांना ठेकेदाराच्या हवाली करू देणार नाही. राज्य सरकार म्हणतंय, वीसपेक्षा कमी पोरं असतील ती शाळा बंद. मी एकही शाळा बंद होऊ देणार नाही. आता कायदा येतोय, कमी पेशंटचे दवाखाने बंद करून शहराला जोडायचे. शहर दोन तासांवर आहे. अडलेली बाई दोन तास थांबेल का? मी आपला दवाखाना बंद होऊ देणार नाही.”

आता नीट ऐका हं. सिस्टर सगळं ठासून बोलायची, पण ‘नाही’ मात्र हळू म्हणायची. तीस वर्षं तिनं तो शब्द वॉर्डच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांना सांगितला होता. तिथं तो ओरडून सांगत नसतात. तशी तिच्या जिभेला सवयच लागली होती.

आणि तो हळू शब्द माझ्या तडकलेल्या पडद्याला पेलवेना.

पंधरा दिवस मी गावभर ओरडत फिरलो, “नदीचं पाणी विकू देणार! शाळा बंद होऊ देणार! दवाखाना बंद होऊ देणार!” दादा गाडीत आपल्याच नादात. सिस्टर वाड्यावस्त्यांवर पायी फिरत होती, तिनं मला एकदाही ऐकलं नाही. एकदा नाक्यावरचा शिंपी तिला म्हणाला, “काय नाहीबाई, आता होयबाई झालात म्हणे?” तिला वाटलं, थट्टा करतोय. ती म्हणाली, “तुझ्या शिवणीपेक्षा माझा शब्द पक्का आहे,” आणि हसत पुढे गेली. तिथंच टेम्पो बंद करून उभा होता, वरून मी सगळं बघत होतो. मला कळत होतं. पण कोपऱ्यातली ती चिठ्ठी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

सिस्टर दोनशे अकरा मतांनी पडली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती भाजी घ्यायला गेली. भाजीवालीनं मान वर केली नाही.

“काय गं, रुसलीस?”

“रुसू नको तर काय करू? माझी दोन्ही पोरं तुमच्या हातची. आणि तुम्हीच दवाखाना बंद करायला निघालात!”

“मी? अगं, मी तर बंद होऊ देणार नाही म्हणत होते.”

“त्यात ‘नाही’ कुठं होतं, सिस्टर? पंधरा दिवस ऐकलंय मी. आम्ही म्हटलं, बाईला काय झालं? रिटायर झाली, आता तिला कशाला हवा दवाखाना.”

सिस्टर भाजी न घेताच परत आली. दादाला टेप लावायला सांगून ती गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी ओरडलो. तिनं ऐकलं. मग रेडिओवाल्याला बोलावलं, त्यानं मला उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. “पडदा गेलाय. अर्ध्या तासाचं काम होतं, सिस्टर.”

अर्ध्या तासाचं! मी भंगाराला घाबरत होतो. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या तोंडावरची धूळ पुसत बसली.

कायदा झाला. आठ महिन्यांत दवाखान्याला कुलूप लागलं आणि कुलपाच्या वर शहराचा फोन नंबर चिकटवला. त्यानंतर एका दुपारी दादाच्या लेकीला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. ते काम घरात होण्यासारखं नव्हतं, म्हणून टेम्पोत गादी टाकून आम्ही शहराकडे निघालो. मागे लेक आणि सिस्टर, पुढे दादा, वर मी. गाड्यांना बाजूला सारायला मी ओरडत होतो. आयुष्यात एवढा कधी ओरडलो नव्हतो. निम्म्या वाटेवर सिस्टरनं आतून पत्रा वाजवला. दादानं गाडी थांबवली.

बराच वेळ गेला. मग बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि रस्त्यावर उतरून चाकाशी बसलेल्या दादानं डोकं वर उचललं. सिस्टर खाली उतरली, हातात कापडात गुंडाळलेली नात. ती त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि वॉर्डच्या दारात सांगायची तसं हळू म्हणाली,

“दादा, आपली लेक वाचली नाही.”

“वाचली?” दादा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. “वाचली ना? मला माहीत होतं! तू आहेस म्हटल्यावर!” त्यानं रस्त्यातच हात जोडले.

सिस्टरला ते पुन्हा सांगावं लागलं. मोठ्यानं, आणि ‘नाही’वर जोर देऊन.

मित्रांनो, तेवढं एक ‘नाही’ मला लख्ख ऐकू आलं.

त्यानंतर दादानं मला टपावरून उतरवलं आणि अंगणात भिंतीशी टेकवलं. आता पावसाळ्यात पाणी साचतं, एरवी कोंबडी बसते. कोंबडी उठली की दादाची चार वर्षांची नात पळत येते आणि माझ्या तोंडात डोकं घालून “आऽऽ” करते. तिचा आवाज घुमतो. तेवढंच मला काम.

पुन्हा निवडणूक आली आहे. सिस्टर या खेपेलाही उभी आहे. भोंगा घेत नाही, घरोघरी जाते. सकाळीच समोरच्या दारात तिचा आवाज आला. “नाही! नाही बंद होऊ देणार शाळा! आधी ‘नाही’ ऐकलंस ना? मग पुढचं सांगते.” केस पांढरे झालेत तिचे, पण तो शब्द आता ती सगळ्यात आधी म्हणते आणि ओरडून म्हणते.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. आत कुठं तडा गेला असेल तर वेळेवर सांगा, टाकून देतील म्हणून लपवू नका. आणि घरात कोणी हळू बोलत असेल तर मध्येच उठून जाऊ नका. आपल्या बोलण्यात ‘नाही’ फार मागून येतं. ते येईपर्यंत थांबा.