एक पूर्ण मिनिट

कॉलेजची इमारत हॉस्पिटलच्या मागे होती आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. ज्याने कुणी तो तिथे नेऊन ठेवला, त्याने विद्यार्थी सगळे अठरा वर्षांचेच असणार असं धरलं असावं. मुली बोलता बोलता वर जात. ती मात्र जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबे, आणि थांबायला काहीतरी निमित्त हवं म्हणून भिंतीवरच्या सूचना वाचत राही. त्यामुळे कुठली सूचना कधी लागली, हे अख्ख्या वर्गात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसे.

तिचं वय त्रेचाळीस. त्यातली एकोणीस वर्षं तिने याच हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात आया म्हणून काढली होती. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लेकीची पुस्तकं मोकळी झाली, तेव्हा त्यांच्यावरच तिने बाहेरून बारावी दिली. नर्सिंगच्या कॉलेजात कर्मचाऱ्यांसाठी दोन जागा ठेवलेल्या असत. त्यातली एक तिला मिळाली. नवरा म्हणाला, "शीक, मी आहे." सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात पाटी-दप्तर! उद्या मलाही शाळेत घाल." असं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर त्यांनी आपल्या ताब्यात घेतलं. कुरकुर मात्र सोडली नाही.

सकाळी आठ ते एक वर्ग, दोन ते आठ वॉर्ड. ही सवलत मेट्रनबाईंनी दिलेली. "दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत," असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. "तोवर मी सांभाळून घेते. पुढचं पुढे."

वॉर्डात सगळी तिला मावशी म्हणत, आणि कॉलेजातही मावशीच. शेजारी बसणारी मुलगी चणीने एवढीशी होती, म्हणून तिला सगळ्या चिमणी म्हणत. वर्गात मावशीची मान कलली की ती कोपराने ढोसे. "मावशी, घोरू नका. घोरलात तर बाईंना वाटेल मीच."

बाई म्हणजे त्यांच्या शिक्षिका. वयाने तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण आवाज असा की खिडकीतलं कबुतरसुद्धा सावरून बसे. श्वास कसे मोजायचे ते त्यांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. घड्याळ हातात धरायचं, छातीचं वरखाली होणं बघायचं आणि मोजायचं. एक पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. लहान मूल एका लयीत श्वास घेत नाही, ते रमतगमत घेतं. रडताना, हसताना मोजायचं नाही. आणि आपले श्वास मोजले जाताहेत हे मुलाला कळू द्यायचं नाही, नाहीतर ते मुद्दाम वेगळे घेतं.

"सगळ्यांचे पंचवीसच असतात हो, मावशी," चिमणी तेव्हा कानाशी कुजबुजली होती. "मेलेला सोडून."

मावशी हसली होती, पण तिने मोजले. दुसऱ्या वर्षी प्रत्येकीला वीस मुलांची वही करायची होती. एकेका मुलाची तीन दिवसांची नोंद, ताप, नाडी, श्वास, खाणंपिणं. पहिल्या अकरा मुलांचा प्रत्येक श्वास तिने घड्याळ लावून मोजला. बाराव्याला तिला कणकण होती, त्या दिवशी तिने अर्धं मिनिट मोजलं, तेराव्यालाही तेवढंच. चौदाव्यापासून मोजणंच सुटलं. तसं तिने काही ठरवलं नव्हतं. घड्याळ धरून नुसतं मुलाकडे बघायचं, बरं दिसतंय ना, मग सव्वीस. मनात म्हणायची, एकोणीस वर्षं बघतेय, माझ्या डोळ्यांना कळतं. कळतही असेल. पण हे ती स्वतःला फार वेळा सांगायला लागली होती.

वही शनिवारी चारच्या आत बाईंकडे द्यायची होती. वही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर सहा महिने थांबा, आणि सकाळच्या सवलतीसाठी मेट्रनबाईंच्या दारात पुन्हा उभं राहा.

शनिवारी वर्ग नसत, म्हणून तिची ड्यूटी सकाळची होती. सातपासून तिने अकरा चादरी बदलल्या, दोन उलट्या पुसल्या, रडणाऱ्या एका बाळाला कडेवर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या घातल्या. तीनला ड्यूटी संपली. आता एकच नोंद उरली होती, विसाव्या मुलीची, तिसऱ्या दिवसाची दुपारची.

विसावी मुलगी चार वर्षांची होती. छातीत कफ झाला म्हणून आली होती, आता बरी होऊन संध्याकाळी घरी जायची होती. तोंड म्हणजे न थांबणारी टकळी. मावशीने ताप बघितला, नाडी बघितली आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर टेकली. मुलगी कागदावर काहीतरी गिरवत होती. हातातलं घड्याळ सरळ करता करता तिचे डोळे कधी मिटले, तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ती धडपडून उठली. वही पलंगाच्या कडेला उघडीच होती. तिने अठ्ठावीस लिहिलं, खाली सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"माझे किती आले?" मुलीने विचारलं.

"काय किती?"

"ते तू मोजतेस ते. गप्प बसून. घड्याळ धरून."

तिला हसू आलं. बाई सांगत, मुलाला कळू देऊ नका. या कार्टीने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

"पण तू तर झोपली होतीस."

हे मुलगी अगदी सहज म्हणाली, पाऊस थांबला म्हणावं तसं. त्यात तक्रार नव्हती.

"मीच तुझे मोजले," मुलगी पुढे म्हणाली. "एक, दोन, तीन, असे दहापर्यंत. मग पुन्हा एक."

"पुन्हा एक का गं?"

"मला दहाच येतात."

"दहाच्या पुढे अकरा. दहा बोटं संपली की पहिलं बोट पुन्हा उघडायचं, पण आधीचे दहा विसरायचे नाहीत. ते मुठीत ठेवायचे."

"मुठीत कसे मावतील?"

"बघ प्रयत्न करून. मावतात."

मुलगी बोटं उघडत-मिटत बसली. मावशीने घड्याळ पाहिलं. साडेतीन. वही घेऊन निघाली असती तर वेळेत पोचली असती. पायही दाराकडेच वळले होते. पण ती परत स्टुलावर बसली. मुलगी आकड्यांत गढून गप्प झाली, तशी तिने छातीवर नजर ठेवली आणि पूर्ण मिनिट मोजलं.

बेचाळीस.

मुलगी मघाशी बोलत होती, म्हणून असेल. तिने दहा मिनिटं जाऊ दिली. नुसतं बसून राहणं इतकं जड तिला कधी गेलं नव्हतं. पुन्हा मोजले. एक्केचाळीस. या वयाला चाळीसच्या वर म्हणजे बरं नव्हे, हे पुस्तकातलं वाक्य तिला ओळीसकट आठवलं. बघायला मुलगी छान दिसत होती. आपल्या डोळ्यांना तर हिचे अठ्ठावीसच दिसले होते.

तिने ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगितलं. सिस्टरने तक्ता काढला. सकाळच्या रकान्यात चोवीस होते, सिस्टरच्याच अक्षरात. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. सिस्टर स्वतः घड्याळ घेऊन पलंगाशी गेली, मिनिटभर उभी राहिली आणि परत येऊन डॉक्टरांना फोन लावला.

"आज घरी सोडू नका म्हणताहेत," फोन ठेवून ती म्हणाली. "उद्या पुन्हा बघतील."

मुलीच्या आईची पिशवी भरून तयार होती. ती उसळलीच. "सकाळी सिस्टर म्हणाल्या सगळं ठीक आहे. आणि तुम्ही कोण हो? आया ना तुम्ही? चादरी बदलायच्या सोडून हे कुणी सांगितलं?"

"मीच बघितलं," ती म्हणाली. "एक रात्र अजून. राग माझ्यावर काढा, पण राहा."

मग तिने वहीतले अठ्ठावीस एका रेघेने खोडले, वर बेचाळीस लिहिलं, पुन्हा सही केली आणि निघाली. आज जिन्यावर ती कुठेच थांबली नाही. वर पोचली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई कपाटाला कुलूप घालत होत्या.

"मावशी, चार म्हणजे चार."

"हो, बाई."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता, गणवेशाच्या बाहीवर बाळाच्या दुधाचा डाग होता. त्यांनी हात पुढे केला. शेवटचं पान उघडलं. "ही खाडाखोड कसली?"

"आधी न मोजता लिहिलं होतं. मग मोजलं."

बाईंनी मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं, आणखी मागचं. सव्वीस, सव्वीस, अठ्ठावीस, सव्वीस. वही तशीच उघडी ठेवून त्यांनी विचारलं, "यातले मोजलेले किती?"

"सगळे" म्हणायला एक शब्द पुरला असता. मुलं घरी गेली होती. कुणी परत येऊन त्यांचे श्वास मोजणार नव्हतं. आणि ती इतकी दमली होती की खोटं बोलायलासुद्धा जे थोडं बळ लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं. की उरलं होतं, आणि तिने ते वापरलं नाही? हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

"पहिली अकरा मुलं पूर्ण," ती म्हणाली. "दोघांचे अर्धं अर्धं मिनिट. आणि ही शेवटची, आजची. बाकीचे नाही."

बाई खुर्चीत बसल्या. "वर्गातल्या किती मुलींनी मोजलेत असं वाटतं तुम्हाला?"

"मला माझंच माहीत."

"आठ मुलं पुन्हा करावी लागतील. त्या दोघांसकट. पूर्ण मिनिट. ही परीक्षा जाईल. पुढची सहा महिन्यांनी."

"मेट्रनबाईंची सवलत परीक्षेपर्यंतच आहे."

"मी चिठ्ठी देते. मानतील की नाही ते सांगता येत नाही." बाईंनी लाल पेन उचललं आणि अकराव्या मुलाच्या पानाखाली सही केली. मग विसाव्याच्या पानाखालीही, त्या खाडाखोडीशेजारी. "ही बारा मात्र माझ्याकडून पक्की."

घरी पोचली तेव्हा उन्हं उतरत होती. सासूबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. त्यांनी मागे न बघताच विचारलं, "दिलीस का ती वही एकदाची?"

"नाही घेतली. आठ मुलं पुन्हा करायची आहेत. सहा महिने अजून. तेही मेट्रनबाई हो म्हणाल्या तर."

सुरीचा आवाज थांबला. सासूबाईंनी चिरलेली भाजी पातेल्यात लोटली, हात धुतले आणि पदराला पुसले.

"म्हणजे सहा महिने अजून हे सगळं माझ्याच गळ्यात," त्या म्हणाल्या. "मेट्रनबाईंकडे कधी जायचंय?"

"सोमवारी सकाळी."

"मग सोमवारी डबा लवकर लागेल. आधी सांगत जा गं बाई, ऐनवेळी माझी धावपळ करू नकोस."