दादांच्या शेजारची जागा

मित्रांनो, हे सांगणारच नव्हतो. दोनदा डबीतून बाहेर आलो, दोनदा लाजून परत आत गेलो. कारण चुकीत माझाही हात आहे. पण आता जीव भांड्यात पडलाय, तर सांगूनच टाकतो.

मी एक जुना मोजणीचा टेप आहे. कापडी, तीस मीटरचा, चामड्याच्या गोल डबीत राहणारा. ताणलं तरी वाढू नये म्हणून कारखान्यात माझ्या अंगात तांब्याची बारीक तार विणली. मग एका मोजणीदाराच्या हाती आलो. रस्ते मोजले, गटारं मोजली. तो मला रोज पुसायचा. एकदाच ओला गुंडाळला, तेव्हापासून माझे तीन ते पाच आकडे दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त कौतुक झालं ते चर्चच्या कबरस्तानात. आम्ही दोघांनी ते आखून दिलं, प्रत्येक घराण्याला एक रांग. "काय सरळ रांगा आल्यात!" लोक म्हणाले. मी फुगलो. नकाशा चर्चच्या ऑफिसात लागला. मोजणीदार रिटायर झाल्यावर मीही तिथेच खिळ्याला अडकलो, घंटेच्या दोराशेजारी. बारा वर्षं धूळ खाल्ली. दोर तेवढा मित्र. आणि त्याला ओढणारे घंटाकाका. लग्न नाही, नातेवाईक नाहीत. चाळीस वर्षं प्रत्येक मयताला घंटा त्यांनीच वाजवली.

एका रविवारी चर्चमधली भक्ती संपल्यावर काका नकाशासमोर उभे राहिले. गुरुवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"मोजणीदार, यात माझी रांग कुठली रे?"

मोजणीदाराचा चेहरा उतरला. रांग नव्हतीच. आम्ही ज्यांचं घराणं होतं त्यांनाच मोजलं होतं.

मोजणीदाराचे मोठे भाऊ चर्चच्या कमिटीचे प्रमुख. सगळे त्यांना दादा म्हणतात. ते म्हणाले, "देवानं अब्राहामाला काय वचन दिलं? ही जमीन तुला आणि तुझ्या संततीला. संतती म्हणजे पोटची. आपण घराण्यांना रांगा दिल्या त्या यावरूनच. याची रांग आता कुठून आणू?"

चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, हळूच म्हणाले, "दादा, मी ते वचन ख्रिस्तात पुरं झालं असं समजतो. विश्वास ठेवणारे सगळे अब्राहामाची संतती. आणि जमीन म्हणजे एक तुकडा नाही, सगळी पृथ्वी."

"सगळी पृथ्वी असेल हो! पण आपल्याकडे जागा उरल्यात अकरा."

काका हसले. "राहू दे. मला कुठंही टाका, फक्त गटाराशेजारी नको."

मोजणीदारानं मला खिळ्यावरून काढलं, उगाच हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "दादा, जमीन मोजण्यात जन्म गेला माझा. अब्राहाम मेला तेव्हा त्याच्या ताब्यात किती होती? एक शेत आणि त्यातली गुहा. बायकोला पुरायला विकत घेतलेली. बाकीचं नुसतं वचन. आणि रक्तानंच मोजायचं, तर तू आणि मी त्याच्या कुठल्या रांगेत बसतो?"

दादांनी चष्मा काढून पुसला.

"ती जमीन त्याच्या पोटच्या वंशाची, इस्राएलाचीच, यावरून मी हलणार नाही," ते शेवटी म्हणाले. "पण आपण त्याच्या घराण्यात बाहेरून आत घेतलेले, हेही खरंच." मग एकदम मोजणीदारावर ओरडले, "बघत काय बसलायस? आपल्या रांगेत माप. आईच्या शेजारी माझी जागा, माझ्या शेजारी याची. आणि तू रे घंटावाल्या, जन्मभर कानाशी ढणढण केलीस, तिथंही कर!"

"तिथं घंटा नसते हो दादा," काका डोळे पुसत म्हणाले. "तिथं सुट्टी."

बारा वर्षांनी मला ऊन लागलं. दादांनी माझं टोक धरलं, डबी मोजणीदाराकडे. नकाशावर दादांच्याच रांगेत काकांचं नाव चढलं.

ऑपरेशन छान झालं. परवा काका आले, दोराला हात लावला आणि म्हणाले, "दादा, जागा भाड्यानं द्या, एवढ्यात येत नाही मी!"

मित्रांनो, टेप ओला गुंडाळू नका. आणि माणसं मोजताना कोणी सुटलं तर नाही ना, एकदा मागे वळून बघा. आम्ही बघितलं नव्हतं.

आणि दोरा, गड्या, तुझा माणूस खूप वर्षं तुला ओढो. पण ज्या दिवशी तुझी घंटा त्याच्यासाठी वाजेल, त्या दिवशी मी अंगातली तार ताठ ठेवीन. माझे आकडे पुसलेत, पण त्याचं माप एका बोटानंही कमी भरू देणार नाही. शब्द देतो तुला.