कानशीचे ओरखडे

गेले तीन महिने काकूंची गाडी त्यांच्याशी वैर धरून होती. किल्ली अर्ध्यावर अडायची आणि स्टिअरिंग दगडासारखं घट्ट. बावीस वर्षं चालवलेली गाडी. अशा वेळी स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवायची, हे काकूंना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी दहादा खटपट केली की एकदा फिरायची. मुलगा मात्र यायचा आणि एका झटक्यात गाडी सुरू करायचा. वर म्हणायचा, "लॉक ठीक आहे गं आई. तुझ्या मनगटात जोर राहिला नाही."

पोटचा मुलगा म्हणतोय म्हटल्यावर काकूंनी हातांसाठी गोळ्या सुरू केल्या आणि चाळीस वर्षांचं शिवणकामाचं दुकान बंद केलं. ज्या हाताला साधी किल्ली फिरवता येत नाही, तो लोकांच्या कापडाला कात्री काय लावणार!

त्या रविवारी किल्ली काही केल्या फिरेना आणि मुलगा अंघोळीला गेलेला. काकूंचं डोकं सटकलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दारात बोलावलं. त्याने स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं, कशीबशी किल्ली फिरवून लॉक बाहेर काढलं, आतल्या पत्र्या एकेक दाबून पाहिल्या. सगळ्या चटचट हलत होत्या.

"काकू, लॉकला काडीचा रोग नाही," म्हणत त्याने किल्ली उन्हात धरली. "ही झिजलेली पण नाही. झिजली असती तर सगळेच दाते गुळगुळीत झाले असते. इथे दोनच दाते बुटके झालेत, आणि हे कानशीचे ओरखडे बघा. कोणीतरी मुद्दाम घासलीय. दुसरी किल्ली कोणाकडे आहे?"

कोणाकडे असणार! तीन महिन्यांपूर्वी "जरा साफ करून आणतो" म्हणून मुलाने दोन्ही किल्ल्या नेल्या होत्या, परत एकच दिली होती. काकूंनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि तो संन्यासी म्हणजे त्यांचेच हात. तळपायाची आग मस्तकात गेली.

मेकॅनिकने लॉक परत बसवलं, तोवर मुलगा केस पुसत बाहेर आला.

"तुझ्याकडची किल्ली दे," काकू म्हणाल्या.

त्याने आईच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं आणि आतून दुसरी निमूट आणून दिली. "या वयात रस्त्यावर तुला काही झालं असतं म्हणजे? सांगून तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! कडाकडा भांडले असते. पण घाबरला होतास तू, आणि लुळी ठरवलंस मला! दुकानाला कुलूप लावताना शेजारी उभा होतास ना? तेव्हाही तुझी जीभ उचलली नाही?"

मेकॅनिक उगाचच पाने आवरत बसला.

काकू गाडीत बसल्या. किल्ली फिरली, इंजिन लगेच सुरू झालं. मुलगा खिडकीशी वाकला.

"बघ आई, हात थरथरतोय तुझा."

"रागाने थरथरतोय," काकू म्हणाल्या. "बाजूला हो."