रिकामा रकाना

"पान एकोणचाळीस," संचालिकाबाई म्हणाल्या आणि अहवाल पुढे सरकवून खिडकीबाहेर बघू लागल्या.

मोजणीदारांनी चष्मा लावला. संशोधन केंद्रात एकवीस वर्षं काढूनही असा जाडजूड अहवाल त्यांच्या हाती कधी आला नव्हता. त्यांचं काम आकडे आणून देण्याचं. पुढे त्या आकड्यांचं काय होतं ते साहेबलोक जाणोत. पानावर लिहिलं होतं की खोऱ्यातल्या अकरा विहिरींची उन्हाळ्यातली मापं पंप चालू असताना घेतली गेली असण्याची शक्यता आहे, म्हणून ती विचारात घेतलेली नाहीत. त्याखाली निष्कर्ष होता: पाण्याची पातळी स्थिर आहे.

त्यांनी ते दोनदा वाचलं. खोऱ्याच्या डोक्यावर बाटलीबंद पाण्याचा कारखाना यायचा होता. त्याला आठ खोल बोअर मारायची परवानगी हवी होती आणि पातळी स्थिर असेल तरच ती मिळणार होती. मोजणीदारांच्या वहीप्रमाणे पातळी एकवीस वर्षांत चार मीटर खाली गेली होती. आज दुपारी शेतकऱ्यांसमोर हाच अहवाल वाचला जाणार होता.

"पंप चालू? माझ्या मोजणीला?" राग यायच्या आधी त्यांना हसूच आलं.

पंप चालू असला की विहिरीतलं पाणी ओढलं जातं आणि माप खोटं येतं, हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. म्हणूनच महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी मोजणीदार येऊन गेल्याशिवाय कुणी पंपाच्या बटणाला हात लावत नसे. पिकं तहानलेली असोत, वीज तासाभरात जाणार असो, माणसं थांबत. मोजणीदार टेपच्या टोकाला खडू फासत, टेप विहिरीत सोडत आणि खडू कुठवर भिजला ते बघून माप लिहीत. माणसांनाही ते विहिरीच्या नंबरानंच ओळखत. आज सात नंबरनं चहा पाजला, असं घरी सांगत, तेव्हा बायको म्हणे, मलाही एखादा नंबर देऊन टाका म्हणजे लक्षात तरी राहीन.

"नोंद कुठे आहे, काका?" बाईंनी जुनी वही उघडून बोट ठेवलं. तक्त्यात अगदी शेवटी एक रकाना होता: पंप चालू की बंद. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो कोरा होता.

मोजणीदार मटकन खुर्चीत बसले. पंप कायमच बंद असायचा, मग लिहायचं काय? आज सूर्य उगवला असं कुणी वहीत लिहितं का? त्यांना ते इतकं उघड वाटलं होतं की त्या रकान्याकडे त्यांनी कधी नीट बघितलंही नव्हतं.

"पण तुम्हाला ठाऊक आहे ना," ते म्हणाले. "तुम्ही होतात माझ्याबरोबर."

बाई विद्यार्थिनी असताना दीड वर्ष त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून खोरं फिरल्या होत्या. खडू कसा फासायचा ते त्यांनीच बाईंना शिकवलं. बाई जेवायच्या त्यांच्याच घरी. तापानं फणफणल्या तेव्हा काकू दोन रात्री उशाशी बसून होत्या. ही पोरगी संचालिका झाली त्या दिवशी मोजणीदार केंद्रभर असे मिरवले होते की शिपायानं विचारलं, नेमणूक कुणाची झाली, त्यांची की तुमची?

"मला ठाऊक असून भागत नाही," बाई म्हणाल्या. "वरून सगळं ठरून आलंय, काका. तुमचं नाव कुठेही घातलेलं नाही, नुसतं 'निरीक्षक' लिहिलंय. दुपारी कुणी विचारलं तर एवढंच म्हणा, कधीमधी उशीर झाला असेल, तोवर पंप सुरू झाले असतील."

खोऱ्यात निरीक्षक एकच होता, हे बाईंना सांगायची गरज नव्हती.

दुपारी केंद्राच्या मोठ्या खोलीत ते पान वाचून झालं, तशी अकरा विहिरींची माणसं मागे वळून मोजणीदारांकडे बघू लागली. ते कुणी न विचारता उठले.

"पंप चालू असताना मी एकही माप घेतलेलं नाही. एकवीस वर्षांत एकदाही नाही."

सभेच्या अध्यक्षांनी बाईंकडे बघितलं. बाई घोटभर पाणी प्यायल्या. "मी स्वतः एका फेरीला सोबत होते," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "सात नंबरच्या विहिरीवर आम्ही पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते."

खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं. त्या दिवशी उशीर झाला तो बाईंना जाग आली नाही म्हणून. मोजणीदार त्यांच्या खोलीबाहेर दीड तास ताटकळले होते. आणि सात नंबरची मावशी, भाजीची कोवळी रोपं डोळ्यांदेखत माना टाकत असताना, पंपाला हात न लावता बांधावर बसून राहिली होती. तेव्हा बाईंनी तिचे दोन्ही हात धरून माफी मागितली होती. आज त्यांनी फक्त किती वाजले होते तेवढं सांगितलं.

मोजणीदारांना हे सगळं बोलता आलं असतं. पण ते खाली बसले. घरच्याच माणसानं चारचौघांत थोबाडीत मारावी, तसं झालं होतं. उठली ती मावशी. त्या दिवशी पंप बंद होता, दर सोमवारी बंद असायचा, कुणालाही विचारा, असं तिनं ठणकावून सांगितलं. अध्यक्षांनी नम्रपणे विचारलं, तशी लेखी नोंद आहे का? नव्हती. पाच मिनिटांत अहवाल स्वीकारल्याचा ठराव मंजूर झाला.

बाहेर पायऱ्यांवर मावशी चपला घालत होती. मोजणीदार जवळ जाऊन उभे राहिले.

"खरंच लिहिलं नव्हतंत?" तिनं विचारलं.

"नाही, मावशी. नेहमीचंच होतं ना ते, म्हणून..."

"माझी सगळी रोपं गेली होती त्या दिवशी." ती चिडलेली नव्हती, चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. "थांबायचं, एवढंच आमच्या हातात होतं. ते आम्ही एकवीस वर्षं केलं. आणि तेवढंच तुम्ही लिहिलं नाहीत."

ती गेली. सकाळपासून मोजणीदारांना वाटत होतं, फसवणूक झाली ती आपली. मावशीच्या लेखी मात्र आता बाईंमध्ये आणि त्यांच्यात काही फरक उरला नव्हता, आणि तिला खोटं ठरवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

खोऱ्यात उतरणारा रस्ता एकच होता. अकरा विहिरींची माणसं त्यावरून घोळक्यानं, फारसं न बोलता चालली होती. मोजणीदारांनी मोटारसायकलला किल्ली लावली. मग त्यांना वाटलं, चालू केली तर यांच्यामधून पुढे जावं लागेल, आणि माणसं बाजूला सरून वाट देतील. त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि गाडी हातानं ढकलत, अंतर ठेवून, ते त्यांच्या मागून उतार उतरू लागले.