नावं न वाचणारा निरोप्या

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या. पाय नाहीत, सायकल नाही, तरी वीस वर्षं पळतोय. कॉम्प्युटरवाले मला डेटा प्रोव्हायडर म्हणतात. प्रोग्रामची बोली वेगळी, डेटाबेसची वेगळी. मधे माझ्यासारखा कुणी नसला तर दोघं नुसते एकमेकांची तोंडं बघत बसतील.

नॉर्थ डकोटातल्या एका गावात म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणारी व्हॅन आहे. तिच्या ऑफिसात मी कामाला. कुणाला कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, हे प्रोग्राम सांगणार, मी डेटाबेसात नेऊन ठेवणार. लोक म्हणायचे, गडी कधी अडत नाही. पण मला एक खोड आहे. प्रत्येक पत्त्यावर 'कुठून' की 'कुठे' असं नाव लावलेलं असतं; ती नावं मी वाचत नाही, नुसता क्रम बघतो. पहिलं हाताला येईल ते 'कुठून', दुसरं येईल ते 'कुठे'.

मग मार्सी बोल्ट ही नवी प्रोग्रामर आली. हुशार बाई. तिच्या आधीच्या नोकरीतला प्रोव्हायडर नावं वाचणारा होता; क्रम कसाही द्या, माल बरोबर जागी जायचा. मीही तसलाच असेन असं धरून तिनं कोड आवरला, आणि आवरताना 'कुठे' वर गेलं, 'कुठून' खाली. दोन्ही पत्तेच की. मी निमूट उचलले.

पहिलंच बुकिंग आर्विला हॉगनचं. एक्याऐंशी वर्षांची, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, दर मंगळवारी डायलिसिसला जाणारी. सहा वर्षं तिचं घर मी 'कुठून'मधे ठेवत आलो. त्या दिवशी तिथं दवाखाना ठेवला.

मंगळवारी सकाळी उणे अठ्ठावीस अंश थंडी. ड्रायव्हर ड्वेन दवाखान्याच्या दारात उभा, आणि आर्विला आपल्या पायरीवर. ड्रायव्हरला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून इथली म्हातारी माणसं आधीच बाहेर येतात, आणि उशीर झाला म्हणून फोन करणं त्यांना भांडल्यासारखं वाटतं. पाऊण तास उभी होती. शेवटी ड्वेन वायरलेसवर म्हणाला, "मार्सी, आर्विला अजून आत गेलीच नाही, तर बाहेर कुठून येईल गं?" आणि त्यानं गाडी तिच्या घराकडे दामटली.

थंडीनं आर्विलाच्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली.

महिन्याभरानं आर्विला केकचा ट्रे घेऊन ऑफिसात आली. मार्सी रडत म्हणाली, चूक माझी.

"अगं, आठ आहेत अजून," आर्विला म्हणाली. "तसंही मी वाजवताना निम्मं चर्च झोपलेलंच असायचं."

पण त्यानंतर तिनं ऑर्गन काही उघडला नाही.

मार्सीनं नावं वाचणारा प्रोव्हायडर आणला. मला जुन्या याद्यांपुरतं ठेवलं आणि माझ्या कोडवर एक ओळ लिहिली: 'हा नावं वाचत नाही, क्रम बघा.' मित्रांनो, ही ओळ पहिल्या दिवशीच लिहायला हवी होती. जुन्याकडून काम घेताना त्याची खोड आधी विचारा, आणि कळली की पुढच्यासाठी लिहून ठेवा.

मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच सलतं. अजून दर मंगळवारी जुन्या यादीतून आर्विलाचं घर माझ्या हातून जातं. नाव मला वाचता येत नाही, पण तो पत्ता मी ओळखतो.

तेव्हाही ओळखत होतो.